चोवीस मिनिटांची कादंबरी : चित्रवाणीवरील विज्ञानकथेचे ग्रंथरूप

ब्रिटनमधील बीबीसी चित्रवाणीवर ३ ऑक्टोबर १९६१ रोजी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली आणि १४ नोव्हेंबरला सातव्या भागाने तिची सांगता झाली. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चित्रवाणीसाठी लिहिणारे जॉन एलियट यांनी मिळून ती रचली होती. अवकाशातून आलेला एक रेडिओ संदेश नव्या दुर्बिणीवर टिपला जातो. जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ तो उलगडू लागतो, तेव्हा ती एका प्रचंड संगणकाच्या बांधणीची कृती असल्याचे उघड होते. संगणक उभा राहतो आणि काही काळाने तोच माणसांना सूचना देऊ लागतो. सजीव कसा घडवावा, हेही तो सांगतो. त्यातून जन्मलेल्या तरुणीची भूमिका ज्युली ख्रिस्ती या तेव्हा अपरिचित असलेल्या अभिनेत्रीने केली होती.

या सात भागांपैकी सहावा भाग तेवढा आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहे. बाकीच्यांचे काही तुकडे आणि पडद्यावरून टिपलेली स्थिरचित्रे उरली आहेत. चित्रफिती त्या काळी महाग होत्या, जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित करण्याची रीत होती आणि पुनःप्रक्षेपणावर करारांची बंधने होती. कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना एक चांगली कलाकृती अशा रीतीने नाहीशी झाली. मात्र हॉइल आणि एलियट यांनी १९६२ मध्ये तीच कथा कादंबरीरूपाने प्रसिद्ध केली होती. पडद्यावरून गेलेली कथा आज सलग अनुभवायची असेल, तर वाचकाला त्या पुस्तकाकडेच वळावे लागते.

मराठी वाचकाला या घटनेत आणखी एका कारणाने रस वाटावा. मालिका प्रक्षेपित होत होती त्या वर्षी केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या हाताखाली एक मराठी विद्यार्थी संशोधन करीत होता. त्याचे नाव जयंत विष्णू नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने (स्वतःची आद्याक्षरे उलटी करून) ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणारे नारळीकर पुढे मराठी विज्ञानकथेचे सर्वांत परिचित नाव ठरले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत एका प्राचीन प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या माहितीवरून ‘वामन’ हा यंत्रमानव घडवला जातो. परका मजकूर आधी कुतूहलाने वाचला जातो आणि मग वाचणाऱ्यालाच राबवू लागतो, हे सूत्र दोन्ही कृतींत दिसते. यावरून गुरूचे शिष्याने उचलले असे म्हणणे उथळपणाचे होईल. एकच शंका दोन वैज्ञानिकांना दोन भाषांत पडली, एवढेच म्हणणे रास्त.

उलट्या दिशेचा प्रवास

पुस्तकाकडून पडद्याकडे जाणारी वाट मराठीत चांगलीच मळलेली आहे. सत्तरीतील आंबेडे गावी जन्मलेल्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांवर ‘कन्यादान’ आणि ‘मानिनी’ हे चित्रपट निघाले, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या चित्रवाणीवर आले, तेव्हा घराघरांतून पुस्तके पुन्हा बाहेर निघाली. पडद्याकडून पुस्तकाकडे येणारी वाट मात्र आपल्याकडे जवळपास ओस आहे. इंग्रजीत या व्यवहाराचा एक मोठा बाजारच उभा राहिला. तेथे चित्रवाणी मालिकेचा भाग प्रक्षेपित झाला की त्याची कादंबरी लिहून देणारे लेखक होते. मुदत आठवड्यांची, मानधन बेताचे आणि प्रतिष्ठा त्याहून बेताची. त्यांच्याकडे ‘हमाली’ म्हणून पाहिले गेले. त्यांतले काही निव्वळ हमाल होतेही. परंतु उरलेल्यांनी जे केले ते कथनकलेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे.

चित्रवाणीची संहिता म्हणजे तशी पुरी न झालेली कलाकृती. साधारणतः संहितेचे एक पान पडद्यावर एक मिनिट घेते, असा व्यवसायातला अंदाज असतो. म्हणजे २४ मिनिटांच्या भागाची संहिता २४-२५ पानांची. त्यांतही बराचसा भाग संवादांचा. बाकीचे सारे नट, छायाचित्रकार, नेपथ्यकार आणि ध्वनिसंयोजक भरून काढतात. पेडणे किंवा सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाशी याची तुलना करता येईल. तेथे आख्यान ठरलेले असते, कोण कोणानंतर येणार ते ठरलेले असते आणि बोलणे रंगमंचावर उभे राहून घडते. फरक इतकाच की, कादंबरीकाराला शंकासुराचे काम करायचे, राजाचेही करायचे आणि मृदंगही स्वतःच वाजवायचा.

उज्जैनची एक रात्र

हे कसे घडते ते कळण्यासाठी एक भाग कल्पनेने समोर ठेवू. असा भाग कोणत्याही वाहिनीवर झालेला नाही. केवळ उदाहरणासाठी तो येथे योजला आहे. स्थळ उज्जैन निवडण्याचे कारण उघड आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा, म्हणजे रेखांशाचा शून्य, या नगरातून नेली. जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेकाठी वेधशाळा बांधली आणि माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी उज्जैनलाच होती. त्यामुळे मराठी बोलणारी घरे तेथे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. मराठी विज्ञानकथेला घरबसल्या मिळालेले असे दुसरे रंगस्थळ क्वचितच सापडेल.

भाग असा : अमावास्येच्या रात्री वेधशाळेच्या रखवालदाराला सम्राट यंत्राच्या कमानीवर सावली सरकताना दिसते. चंद्र नाही, दिवा नाही, तरी सावली आहे. सकाळी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. दुसऱ्या रात्री एक तरुण संशोधिका त्याच्यासोबत थांबते. सावली पुन्हा येते. ती मोजमाप करते आणि तिच्या ध्यानात येते की, ही सावली ज्या सूर्याची आहे तो या आकाशात नाही. चोविसाव्या मिनिटाला सावली एका रेघेवर थांबते आणि श्रेयनामावली सुरू होते.

संहितेतले पहिले वाक्य तीन शब्दांचे असेल : ‘वेधशाळा. बाहेर. रात्र.’ पडद्यावर तेवढे पुरते. प्रेक्षकाला सम्राट यंत्राचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा आकार डोळ्यांसमोर असतो. कादंबरीकाराला तो शब्दांनी उभारावा लागतो : काटकोन त्रिकोणाच्या आकाराची उंच भिंत, तिच्या कलत्या कडेवरून चढत जाणारा जिना, दोन्ही अंगांना चतुर्थांश वर्तुळाच्या कमानी, त्यांवर कोरलेल्या घटिका-मिनिटांच्या रेघा. त्या कडेचा कल उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंशांचा आहे. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या अक्षाशी समांतर राहते. कच्चा लेखक येथे हे सारे एका परिच्छेदात ओतून मोकळा होईल आणि वाचक तेवढा परिच्छेद गाळून पुढे जाईल. जाणता लेखक आधी विचारील की, हे पाहतो कोण? रखवालदार. त्याला अक्षांश ठाऊक नाही. पण जिन्याच्या पायथ्याशी पाठ टेकली की भिंतीच्या वरच्या टोकापाशी ध्रुव दिसतो आणि तो रात्रभर तेथून हलत नाही, हे त्याला वर्षानुवर्षांच्या पहाऱ्याने कळले आहे. यंत्राची रचना, त्याचे प्रयोजन आणि त्या माणसाचा एकाकीपणा असे तिन्ही एका वाक्यात आले. कॅमेऱ्याला दृष्टिकोन फुकट मिळतो, गद्याला तो कोणाकडून तरी उसना घ्यावा लागतो. कोणाकडून घ्यायचा हा निर्णय चुकला, तर पुढची दोनशे पाने सावरता येत नाहीत.

दुसरी अडचण विज्ञानाची. पडद्यावर संशोधिका घड्याळ पाहते, भुवया उंचावते आणि पार्श्वसंगीत बाकीचे काम करते. वाचक मात्र थांबून हिशेब करू शकतो, मागचे पान उलटून ताडूनही पाहू शकतो. उज्जैनचे रेखांश पूर्व ७५ अंश ४६ मिनिटांच्या आसपास आणि भारतीय प्रमाणवेळेचे ८२ अंश ३० मिनिटे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने उज्जैनची स्थानिक वेळ हातातल्या घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. (पणजीचा हाच फरक सुमारे ३५ मिनिटांचा. गोव्यात भर दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर का नसतो त्याचे मुख्य कारण हे.) त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे पडणारे कालसमीकरण मिळवले की, सम्राट यंत्र आणि घड्याळ यांच्यातील तफावत वर्षभर बदलत राहते. नोव्हेंबरच्या प्रारंभी ती दहा-अकरा मिनिटांवर उतरते, तर फेब्रुवारीच्या मध्यास ४१ मिनिटांपर्यंत चढते. आता सावली घड्याळाशी जुळत नाही एवढ्यावरून संशोधिका हादरली, तर उज्जैनचा कोणताही शाळकरी मुलगा हसेल, कारण ती तेथे कधीच जुळत नाही. तेव्हा कादंबरीत तिला वेगळा पुरावा लागेल. समजा, ही सावली तासाला १५ अंशांच्या गतीने सरकतच नाही. आपल्या यंत्राच्या कमानीवर ती वेगळ्या लांबीच्या दिवसाचे माप टाकते आहे. हा शोध पडद्यावर पाच सेकंदांत आटपता येतो. पुस्तकात त्यासाठी वही, पेन्सिल, दोन रात्रींची जागरणे आणि एक चुकलेला गुणाकार लागतो. कादंबरीला लागणारे प्रकरण त्यातूनच मिळते.

तपशिलाची खबरदारीही येथेच घ्यावी लागते. त्याच आवारातील नाडीवलय यंत्राला उत्तर आणि दक्षिण अशी दोन तोंडे आहेत. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असताना उत्तरेकडच्या तबकडीवर ऊन पडते, दक्षिणेस असताना दक्षिणेकडच्या. कथा डिसेंबरात घडत असेल आणि लेखकाने उत्तरेची तबकडी उन्हात न्हाऊ घातली असेल, तर सारा डोलारा तेथेच कोसळतो. २१ जूनच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या थोडे आधी उज्जैनच्या शंकूची सावली जवळपास नाहीशी होते, कारण कर्कवृत्त तेथून हाकेच्या अंतरावर आहे. परक्या सूर्याच्या सावलीची कथा लिहिणाऱ्याला आपल्या सूर्याची सावली हरवण्याचा हा क्षण सोडवणार नाही. पण त्या दिवसांत माळव्यावर पावसाळी ढग येतात, याचीही तजवीज त्याने करून ठेवावी.

आणि मग मधला काळ. पडद्यावर रात्र संपते आणि पुढच्याच क्षणी सकाळ होते. या दोन चित्रांच्या सांध्यात रखवालदार घरी गेला, त्याने चहा घेतला, बायकोला सांगितले की नाही सांगितले, हे सारे दडलेले असते. चोवीस मिनिटांना ते परवडत नाही. कादंबरी मात्र तेथेच उभी राहते. त्याने सांगितले असेल तर गावभर झालेल्या हसण्याची कथा होईल, सांगितले नसेल तर एका माणसाने जपलेल्या गुपिताची. मूळ भागात याचे उत्तर नसते. म्हणूनच एकाच भागाच्या दोन लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या दोन होतात.

पूर्वसूरींनी काय केले

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे पहिले कथासंपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ मध्ये डॅलेक या यंत्रधारी शत्रूंच्या कथेची कादंबरी लिहिली. मालिकेत ही कथा दुसऱ्या क्रमांकावर येते. पात्रांची ओळख पहिल्या कथेतच झालेली असते. पुस्तकाच्या वाचकाने ती पाहिली असेलच असे गृहीत न धरता व्हिटेकर यांनी सुरुवातच बदलली. धुक्यातील एका माळरानावर झालेल्या अपघातातून पात्रे एकत्र येतात आणि सारी हकिगत इयन चेस्टरटन हा शिक्षक प्रथमपुरुषात सांगतो. मूळ कथेशी इतके स्वातंत्र्य घेऊनही ते पुस्तक आजवर आवडीने वाचले जाते. दृष्टिकोनाचा प्रश्न त्यांनी पहिल्याच पानावर सोडवला, हे त्याचे एक कारण असावे.

त्याहून धीट काम माल्कम हल्क यांचे. १९७० सालच्या आपल्याच एका कथेची त्यांनी १९७४ मध्ये ‘द केव्ह मॉन्स्टर्स’ या नावाने कादंबरी केली. माणसापूर्वी पृथ्वीवर नांदलेले सरपटणाऱ्या वंशाचे बुद्धिमान प्राणी भूगर्भातील दीर्घ निद्रेतून जागे होतात, असे तिचे कथानक. पडद्यावर ते रबरी मुखवटे घातलेले नट होते. त्या मुखवट्यांतून भावना दिसणे कठीणच. हल्क यांनी पुस्तकाचा आरंभच त्या प्राण्यांच्या बाजूने केला, त्यांना नावे दिली आणि निद्रेपूर्वीचे त्यांचे भय दाखवले. परिणामी पुढे माणसे त्यांच्याशी जे वागतात त्याकडे वाचक निराळ्या डोळ्यांनी पाहतो. तुटपुंज्या खर्चात पडद्यावर जे जमले नाही ते कागदावर शाई तेवढी खर्चून साधले. कादंबरीकरणाच्या बाजूने एकच साक्षीदार उभा करायचा झाल्यास तो हल्क यांचे हे पुस्तक असावा.

या मालिकेचेही नव्वदहून अधिक जुने भाग आज चित्ररूपात सापडत नाहीत. घरोघरी चित्रफिती येण्यापूर्वीच्या पिढीला एकदा हुकलेला भाग पुन्हा भेटण्याचा मार्ग म्हणजे टार्गेट प्रकाशनाची ही छोटी पुस्तके. टेरन्स डिक्स यांनी एकट्याने साठांहून अधिक लिहिली. त्यांचे गद्य साधे, वाक्ये आखूड, शैलीचा थाट नाही. हा त्यांचा दोष मानणाऱ्यांनी ती कोणासाठी लिहिली होती तेही पाहावे.

अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ची वाट वेगळी. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेले वाचक गोव्यातही असतील. जेम्स ब्लिश यांनी १९६७ पासून तिच्या भागांच्या कथा केल्या. एका पुस्तकात अनेक कथा, त्यामुळे विस्ताराला वाव नाही. ब्लिश मुख्यतः लिखित संहितांवरून काम करीत. चित्रण करताना संहिता बदलते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत पडद्यावर कधीच न दिसलेले तपशील जागोजागी आढळतात. काहींनी याला चूक म्हटले. खरे तर लेखकाच्या मूळ मनातला भाग त्यांत जपला गेला.

एका भागाची एक कादंबरी असा शब्दशः प्रयोग अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी केला. ‘स्टार ट्रेक’च्या १९७३-७४ मधील चलत्चित्र आवृत्तीचे एकूण २२ भाग होते, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आतला. फॉस्टर यांनी पहिल्या सहा पुस्तकांत प्रत्येकी तीन भाग गुंफले. उरलेल्या चार भागांची मात्र चार स्वतंत्र पुस्तके केली. एवढ्याशा मजकुरावर पूर्ण कादंबरी कशी उभी राहावी? त्यांचा मार्ग असा की, भागाची कथा पुस्तकाच्या सुरुवातीच्या हिश्शातच संपवायची आणि तेथून पुढे नवे कथानक लावायचे. युक्ती चलाख आहे. पण सांधा लपत नाही. चोवीस मिनिटे संपल्याचे वाचकाला कळते आणि पुढचा मजकूर शेजारच्या घरातून आणल्यासारखा वाटतो. उज्जैनच्या उदाहरणात दाखवल्याप्रमाणे मधल्या मोकळ्या जागांत शिरून कथा आतून फुगवणे अवघड असते, तरी तेच टिकते.

आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांची गोष्ट चित्रपटाची असली तरी येथे टाळता येत नाही. ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’च्या पटकथेवरून त्यांनी १९६६ मध्ये कादंबरी लिहिली. सूक्ष्म केलेली पाणबुडी आणि तिच्यातील माणसे रुग्णाच्या शरीरात सोडली जातात. ठरलेल्या मुदतीनंतर ती मूळ आकाराला येणार असतात. चित्रपटात पाणबुडी पांढऱ्या पेशीच्या पोटात जाते आणि माणसे बाहेर पडतात. पाणबुडी खाल्ली गेली तरी तिचे अणू तेथेच आहेत, ते फुगले की रुग्ण मरणारच, ही गफलत अ‍ॅसिमॉव्ह यांना खपली नाही. त्यांनी पुस्तकात ती पेशी पाणबुडीच्या अवशेषांसह बाहेर आणवली. प्रेक्षक चित्रगृहाबाहेर पडेपर्यंत ज्या प्रश्नापाशी पोहोचत नाही तो वाचकाला रात्री अंथरुणात पडतो, हे त्यांनी ओळखले होते.

मराठीत आणताना

हिंदी चित्रवाणीवर विज्ञानकथा अगदीच आल्या नाहीत असे नाही. १९८९ मधील ‘इंद्रधनुष’ किंवा १९९८ मधील ‘कॅप्टन व्योम’ पाहत वाढलेली पिढी आज चाळिशीत-पन्नाशीत आहे. अशा एखाद्या भागाची मराठी कादंबरी करायची तर आणखी एक पायरी वाढते, ती भाषेची. हिंदीतला ‘आप’ मराठीत बहुतेक ठिकाणी ‘तुम्ही’ होतो. त्याचा ‘आपण’ केला की उज्जैनचा रखवालदार पेशव्यांच्या दरबारातून आल्यासारखा बोलू लागतो. संशोधिका त्याला ‘काका’ म्हणेल की ‘भैया’, यावरून ती मराठी घरातली की बाहेरून आलेली हे ठरेल.

नावांचा प्रश्न तर याहून रंजक. अँड्रोमेडा तारकासमूहाला मराठीत देवयानी म्हणतात. तिच्या आसपास शर्मिष्ठा आणि ययातीही आहेत. ‘ए फॉर अँड्रोमेडा’ मराठीत आणली, तर संगणकाने घडवलेल्या तरुणीचे नाव देवयानी होणार आणि वि. स. खांडेकरांच्या वाचकाच्या मनात कच, शुक्राचार्य, संजीवनी विद्या असे सारे आपोआप जागे होणार. मेलेल्याला उठवणारी विद्या आणि सजीव घडवणारा संगणक यांचे नाते लागते, तेथे हा योग भाग्याचा. परंतु कथेला असूया आणि सवतीमत्सर मुळीच नको असेल, तर तेच नाव अडचणीचे ठरते.

अनेक भाग एका पुस्तकात ओवायचे असतील, तर आपल्याकडे एक जुना नमुना तयार आहे. वेताळाच्या पंचवीस कथा एका राजाच्या खांद्यावरून सांगितल्या जातात. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पुढच्या पुनर्कथनांत तो उज्जैनचा विक्रमादित्य झाला आणि रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’ने त्याला त्याच रूपात घरोघर पोहोचवले. माध्यम बदलले की राजाची राजधानीसुद्धा बदलते. पण चौकट टिकते, कारण प्रत्येक कथेनंतर राजाला पुन्हा त्याच झाडापाशी यावे लागते. चित्रवाणी मालिकेचे सुटे भाग ओवणाऱ्याने असे एक झाड आधी शोधावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारताच्या १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात नाट्यकृतीचे नाट्येतर कृतीत केलेले परिवर्तन स्पष्टपणे ‘रूपांतर’ मानले आहे आणि रूपांतराचा अधिकार मूळ हक्कधारकाचा आहे. संहितेचा हक्क वेगळा, चित्रित भागाचा वेगळा. लेखकाने करारात काय लिहून दिले त्यावर संहितेचा मालक ठरतो. तेव्हा पटकथाकाराची तोंडी संमती पुरेशी नाही. कल्पनेवर मात्र कोणाचा हक्क नसतो, अभिव्यक्तीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितले. दिल्लीतील एका नाटकाशी ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाचे साम्य असल्याचा तो वाद होता. रात्रीच्या सावलीची कल्पना कोणीही घ्यावी. पण एखाद्या वाहिनीवरच्या भागातील प्रसंगांचा क्रम, पात्रे आणि संवाद परवानगीवाचून उचलता येणार नाहीत.

मराठी विज्ञानकथेचा मुख्य पिंड लघुकथेचा राहिला. स्पर्धा आणि दिवाळी अंकांनी तो घडवला. लघुकथेतील मजकूर साधारण एका भागाएवढाच असतो : एक कल्पना, दोन-तीन माणसे, शेवटी एक वळण. तिची कादंबरी करताना येणाऱ्या अडचणी चित्रवाणीच्या भागासारख्याच असतात. म्हणून ज्यांच्याजवळ हक्काची चित्रवाणी संहिता नाही, त्यांना स्वतःच्या जुन्या कथेवरही हा अभ्यास करता येईल. ज्यांच्याजवळ ती आहे, आकाशवाणी-दूरदर्शनसाठी एके काळी लिहिलेल्या आणि आता कोठे दिसत नसलेल्या संहितांच्या पिवळ्या प्रती ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी करार तपासून हे काम लवकर हाती घ्यावे. पुस्तकाच्या आरंभी भाग कोणत्या दिवशी प्रक्षेपित झाला, हाती असलेली संहिता चित्रणापूर्वीची की नंतरची आणि कादंबरीत कोणते प्रसंग नव्याने घातले, याची नोंद अवश्य करावी. ब्लिश यांच्या पुस्तकांत अशी नोंद नसल्यामुळे कोणता तपशील संहितेतला आणि कोणता त्यांचा, हे ठरवायला अभ्यासकांना मूळ संहिता समोर ठेवून ओळ न ओळ ताडावी लागते. तेथे निदान ताडायला संहिता आणि भाग दोन्ही शिल्लक आहेत.